सोलापूरच्या थंडीतलं ताट: भाकरी, शेंगाची चटणी आणि रोज एक पातळ

सोलापूरची थंडी फसवी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१६ अंशांच्या आसपास असतो, गार वारा सुटला की आणखी खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला ऊन २९-३० अंशांपर्यंत चढतं. हवा मात्र दिवसभर कोरडीच. नोकरी-शिक्षणासाठी इथे नव्याने आलेल्यांना गारठ्यापेक्षा हा कोरडेपणा जास्त छळतो. ओठ फुटतात, घसा खवखवतो, टाचांना भेगा पडतात, पोट साफ होत नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी जातं, आणि खोलीवर एकटं राहणारा माणूस सकाळी चहा-बिस्किटं नि रात्री डब्यातली गार पोळी यावर भागवतो.

इथल्या घरांतलं थंडीचं ताट या हवेला धरूनच बसलेलं आहे. त्यात तीन गोष्टी असतात: तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, दाण्याची किंवा तिळाची तेल सुटलेली चटणी, आणि एक पातळ. नवखी माणसं पहिल्या दोन गोष्टी हौसेने शिकतात आणि तिसरी गाळतात, मग ‘भाकरी बाधली’ म्हणून पुन्हा मैद्याच्या ब्रेडकडे वळतात. भाकरी बाधत नाही. ज्वारी-बाजरीत कोंडा भरपूर असतो, त्याला पाणी लागतं. आमटी, माडगं (हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज), ताक, शेंगोळ्यांचा (त्याच पिठाच्या शिजवलेल्या वळ्यांचा) रस, काहीही चालेल. पण ताटात पातळ हवंच.

पदार्थ सोप्याकडून अवघडाकडे शिकावेत. पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसू नका. आधी माडगं, मग चटणी, मग भाकरी, मग शेंगोळे.

सामान

भांडी थोडीच लागतात: लोखंडी तवा (नॉनस्टिक नको, त्यावर पाणी लावलेली भाकरी नीट भाजत नाही आणि तवाही लवकर खराब होतो), पसरट परात, पातळ पात्याचं उलथणं, जाड बुडाचं तीन लिटरचं पातेलं, आणि जमलं तर खलबत्ता. नवा लोखंडी तवा घासून, कोरडा करून, तेलाचा हात लावून दोनदा चांगला तापवून घ्या.

ज्वारी घेताना मालदांडी जातीची मागा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तीही शहरात मिळते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की रब्बीची ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे थंडीत दुकानात असते ती गेल्या हंगामाची. तळहातावर घेऊन पाहा. दाणा टपोरा, मोतिया रंगाचा हवा. भोकं पडलेले दाणे किंवा तळाशी पिठासारखी भुकटी दिसली तर दुसरं पोतं उघडायला सांगा.

दळण थोडं थोडं आणा. एक भाकरी साधारण ८५ ते १०० ग्रॅम पिठाची होते. दिवसाला तीन भाकऱ्या धरल्या तर एका माणसाला २ किलो पीठ जेमतेम आठवडाभर जातं, आणि तेवढंच आणावं. ज्वारीचं पीठ दोन आठवड्यांनी विरी (मळल्यावर धरून राहण्याचा गुण) सोडायला लागतं. बाजरीचं तर त्याहून नाजूक. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, दळल्यावर तो लवकर खवट होतो आणि पीठ कडू लागतं, म्हणून बाजरी एका वेळी अर्धा-एक किलोच दळा आणि आठवड्यात संपवा. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर आत वाफ धरते; परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा.

बाकी शेंगदाणे, हुलगे, तीळ, लसूण, जिरे, गूळ, काळं तिखट (भाजलेल्या मसाल्यांचं तिखट) आणि शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल. कांद्याबद्दल एक सूचना. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत लाल कांद्याची प्रचंड आवक होते, भाव उतरला की माणूस मोहाने पाच-दहा किलो उचलतो. हा खरिपाचा कांदा ओलसर असतो, टिकत नाही, आठ-दहा दिवसांत मधून सडतो किंवा कोंब फुटतात. दोन किलोच्या वर घेऊ नका. साठवणीचा उन्हाळी कांदा वेगळा.

पहिला पदार्थ: हुलग्याचं माडगं

एक पातेलं आणि एक चमचा एवढ्यावर होणारा, पंधरा मिनिटांचा पदार्थ. हुलग्यात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शिवाय सकाळी पोटात गरम आणि पातळ जातं.

पाव किलो हुलगे निवडा. यात खडे हमखास असतात आणि ते हुलग्याच्याच रंगाचे असतात, म्हणून पांढऱ्या ताटात पसरून निवडा. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. निवले की मिक्सरमध्ये बारीक दळून चाळा. हे पीठ महिनाभर राहतं.

दोघांसाठी तीन मोठे चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात कालवून घ्या. गार पाणीच हवं. गरम पाण्यात पीठ टाकलं की वरून शिजतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. पातेल्यात चमचाभर तेलात जिरे, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि चिमूटभर हळद परता, तीन वाट्या पाणी घालून उकळी आणा, मग कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. मीठ घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळू द्या. कच्चट वास जाईपर्यंत उतरवू नका, कारण अर्धवट शिजलेलं हुलग्याचं पीठ पोट फुगवतं. निवल्यावर ते घट्ट होतं, म्हणून गॅसवर असताना हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा. गोड हवं असेल तर फोडणी न देता दोन मोठे चमचे गूळ आणि पाव चमचा सुंठ घाला. ताक घालायचं असेल तर खाली उतरवून, जरा कोमट झाल्यावर. उकळत्यात घातलं की फाटतं.

शेंगाची चटणी

सोलापूरची शेंगाची चटणी म्हणजे नुसतं दाण्याचं कूट आणि तिखट नव्हे. तिची ओळख एकच: कुटता कुटता दाण्याचं तेल सुटलं पाहिजे आणि चटणी हातात दाबली तर मुटका बसला पाहिजे. वरून तेल घालायचं नाही, फोडणी द्यायची नाही.

प्रमाण: शेंगदाणे पाव किलो, लसूण एक मोठा गड्डा (१५-१८ पाकळ्या), लाल तिखट दोन मोठे चमचे, जिरे एक लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा. आधी दाणे निवडा. सुरकुतलेले, काळपट पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाका. हे चवीपुरतं नाही. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. शंका आली तर अख्खी पिशवी टाकून द्यावी.

दाणे मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं सतत हलवत भाजा. इथे घाई अंगाशी येते. मोठ्या आचेवर साल काळी होते आणि आतला दाणा कच्चा राहतो, मग कितीही कुटा, तेल सुटत नाही आणि चटणी दोन दिवसांत ओशट वास मारते. एक दाणा निववून फोडा: आतून बदामी आणि कुरकुरीत लागला की झालं. पूर्ण निवल्यावर चोळून सालं पाखडा.

खलबत्त्यात आधी लसूण, जिरे, मीठ आणि तिखट एकत्र ठेचा, मग मूठ मूठ दाणे घालत कुटत जा. लसूण कच्चाच घालतात. पहिल्या घावांना कोरडं कूट होतं. तिथे थांबू नका. आणखी चार-पाच मिनिटं कुटलं की कूट गडद, ओलसर दिसायला लागतं आणि बत्त्याला चिकटतं. मिक्सरमध्ये करायची तर बटण सलग फिरवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, दर तीन-चार झटक्यांनंतर झाकण उघडून चमच्याने तळ वर करा. सलग फिरवलं की तळाशी पीनट बटर होतं आणि वर भरड तशीच राहते.

कोरड्या काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत राहिलात तर थंडीत पंधरा दिवस बाहेर टिकते. लसूण कच्चा असल्याने त्यापुढे फ्रिजमध्ये ठेवा. खाताना घट्ट दह्यात कालवून, किंवा चटणीवर चमचाभर करडईचं तेल सोडून. तोंड आलेलं असेल, आम्लपित्त उसळलेलं असेल तर चार दिवस दह्यातूनच खा.

भाकरी

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पोळीची कणीक मळून ठेवली की सुधारते. भाकरीचं पीठ मळून ठेवलं की बिघडतं. ते धरून राहतं दोन गोष्टींमुळे: गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, आणि तळहाताच्या टाचेने रगडल्यावर तो सगळीकडे पसरतो. यातलं एक चुकलं तरी कड फाटते.

१. परातीत दोन वाट्या पीठ घ्या (साधारण २०० ग्रॅम, दोन भाकऱ्या) आणि मीठ हवं तर चिमूटभर. पाणी चांगलं कढत हवं, काठाला बुडबुडे दिसायला लागलेलं. २०० ग्रॅम पिठाला १६० ते १८० मिली लागतं. सगळं एकदम ओतू नका. आधी पाऊण भाग घालून चमच्याने कालवा.

२. हाताला सोसवेल इतकं निवलं की एका भाकरीपुरतं पीठ पुढे ओढा, उरलेलं ओल्या फडक्याखाली ठेवा. पुढच्या पिठाला पाण्याचा हात लावत दोन मिनिटं रगडा: तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, बोटांनी मागे ओढा. गोळा गुळगुळीत झाला आणि दाबल्यावर कडेला चीर पडली नाही की तयार.

३. तवा मध्यम-मोठ्या आचेवर आधीच तापत ठेवा. पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरून उडाला पाहिजे.

४. परातीत मूठभर पीठ पसरा. गोळा तळहातांत दाबून चपटा करा, कड बोटाने बंद करत फिरवा, मग परातीत ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी थापा. थापताना दाब कडेकडे द्या, मध्यावर नको. दर दोन-तीन थापांनी भाकरी जराशी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. सुरुवातीला वीतभर व्यासाची, तीन-चार मिलिमीटर जाडीची पुरे. पातळ मोठी भाकरी महिन्याभराच्या सरावाने आपोआप येते.

५. दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाका, खालची पीठ लागलेली बाजू वर येईल अशी. लगेच दोन चमचे पाणी घेऊन हाताने किंवा फडक्याने सगळीकडे फिरवा. कडांपर्यंत.

६. वीस-तीस सेकंदांत वरचं पाणी आटत येतं. पृष्ठभाग ओलसर दिसतोय पण पाणी तरंगत नाही, अशा क्षणी उलथणं घालून उलटा. आता मध्यम आचेवर एक ते दीड मिनिट, खालून तांबूस ठिपके येईपर्यंत.

७. तवा बाजूला सारा आणि भाकरी पहिल्या बाजूने थेट आचेवर धरा. फुगली की कड फिरवत दहा-पंधरा सेकंद शेका. इंडक्शनवर असाल तर तव्यावरच उलटून घडी केलेल्या फडक्याने कडेकडेने दाबा, वाफ मध्ये सरकते आणि पापुद्रा सुटतो.

आता बिघडतं कुठे ते पाहू. थापताना कड फाटते: मळणं कमी पडलं, किंवा पाणी पुरेसं गरम नव्हतं. तो गोळा फेकू नका, पाण्याचा हात लावून पुन्हा रगडा. भाकरी तव्यावर टाकल्याबरोबर पृष्ठभागाला भेगा पडल्या तर पाणी लावायला उशीर झाला. फुगलीच नाही तर तीन कारणं असतात: पाणी पूर्ण सुकल्यावर उलटली, थापताना बोट लागून भोक पडलं, किंवा मधे पातळ आणि कडेला जाड झाली. तव्याला चिकटते तेव्हा तवा तापलेला नसतो, किंवा पीठ सैल असतं. फुगली पण चावायला चिवट लागते: आच मंद होती, भाजण्याऐवजी वाळली. आणि वरचं सगळं नीट करूनही दरवेळी तुटत असेल तर दोष हाताचा नाही, पिठाची विरी गेली आहे. बोटाएवढी वळी करून वाकवा. लगेच मोडली तर खात्री झाली. असं पीठ फेकायची गरज नाही. त्याची उकड काढा: वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून पीठ घाला, ढवळून झाकण ठेवा, दहा मिनिटांनी मळा. ही भाकरी हमखास जमते, आणि पहिले पंधरा दिवस उकडीच्याच भाकऱ्या केल्या तरी त्यात कमीपणा नाही.

बाजरीची भाकरीही अशीच, फक्त पाणी किंचित कमी लागतं आणि थापताना वरून चमचाभर तीळ लावून दाबायचे.

कडक भाकरी सोलापुरात विकत मिळते आणि चांगली मिळते, म्हणून ती घरी करण्याचा आग्रह धरू नका. करायचीच तर भाकरी शक्य तितकी पातळ थापा, फुगवून झाल्यावर तवा अगदी मंद करून दोन्ही बाजूंनी दाबत आठ-दहा मिनिटं ओलावा काढा आणि डब्यात ठेवण्याआधी उभी करून पूर्ण निववा. आत ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी दिसते. कडक भाकरी आमटीत किंवा दुधात चुरून खावी. कोरडीच चावत बसलात तर मघाशी सांगितलेला पोटाचा त्रास पुन्हा सुरू.

एका पातेल्यात जेवण: शेंगोळे

संध्याकाळी थकून आल्यावर भाकरी-भाजी दोन्ही होत नाही. त्या दिवसासाठी शेंगोळे. हुलग्याचं पीठ आणि लसणीचा झणका, वर रस्सा: थंडीतल्या रात्रीसाठी याहून चांगलं जेवण नाही.

दोघांसाठी न भाजलेल्या हुलग्याचं पीठ एक वाटी, ज्वारीचं पाव वाटी, कणीक पाव वाटी. कणीक धरण्यासाठी असते, ती गाळू नका. दहा-बारा लसूणपाकळ्या, चमचाभर जिरे, दीड चमचा तिखट आणि मीठ एकत्र वाटा. या वाटणातलं अर्धं पिठात घाला, चमचाभर तेल घाला आणि थोड्या पाण्यात घट्ट मळा. पुरीच्या पिठाहून घट्ट. दहा मिनिटं झाकून ठेवा. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करा, बोटभर लांब तोडून दोन्ही टोकं जुळवा.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून उरलेलं वाटण परता. लसणाचा रंग बदलला की पाच वाट्या पाणी आणि बेताचं मीठ. पाणी खळखळून उकळायला लागेपर्यंत थांबा आणि शेंगोळे एकेक करून सोडा. पहिली तीन-चार मिनिटं चमचा घालायचाच नाही. बाहेरचा थर शिजून घट्ट झाल्याशिवाय ढवळलं तर सगळ्याचं पिठलं होतं. मग आच मंद करून, अर्धवट झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. शेवटी दोन चमचे हुलग्याचं पीठ गार पाण्यात कालवून रश्शात घाला आणि मूठभर दाण्याचं कूट. एक शेंगोळा मोडून पाहा: मध्ये कोरडी पांढरट रेघ दिसली तर अजून पाच मिनिटं. विरघळायला लागले तर पुढच्या वेळी पीठ घट्ट मळा आणि पाणी पूर्ण उकळू द्या. वरून लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. याच कारणासाठी चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा.

पालेभाज्या आणि भोगी

लक्ष्मी मंडईत थंडीत चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, मेथी, अंबाडी ढिगाने असते. नवख्याने यांचा गरगट्टा करावा. चाकवताची किंवा पालकाची अर्धी जुडी, पाव वाटी तूरडाळ, दोन चमचे भिजवलेले शेंगदाणे, दोन मिरच्या कुकरला तीन शिट्ट्या. घोटून, लसणाची फोडणी. मीठ शेवटी घाला, कारण पाला शिजून एवढासा होतो आणि आधी घातलेलं मीठ डोईजड ठरतं. अंबाडी घातलीत तर डाळ वेगळी शिजवा, आंबटात डाळ शिजत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धामधूम याच दिवसांत असते आणि बाजारात ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजर, बोरं, उसाची कांडकी एकदम येतात. या सगळ्यांची एकच भाजी होते. तिचं गमक घालण्याच्या क्रमात आहे. तेलात जिरे-मोहरी, मग तासभर भिजवलेले शेंगदाणे, ओला हरभरा आणि पावटा घालून थोडं पाणी, झाकण, सात-आठ मिनिटं. मग गाजर आणि घेवड्याच्या शेंगा, पाच मिनिटं. वांगी त्यानंतर, नाहीतर लगदा होतो. चार माणसांना दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, दीड चमचा काळं तिखट, सुपारीएवढा गूळ. बोरं अगदी शेवटी, दोन मिनिटं फक्त. तीळ भाजताना आच मंद ठेवा आणि ते तडतडायला लागले की लगेच ताटात काढा. तापलेल्या कढईत राहिले तर तळाचे जळतात आणि अख्खी भाजी कडू होते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी.

हुरड्याचे दिवसही हेच. शेतावर आगटीतला गरम हुरडा मिळाला तर उत्तम. शहरात सोललेला हुरडा घ्याल तो हिरवा, दाबल्यावर मऊ लागणारा घ्या, कढईत तीन-चार मिनिटं परता आणि त्याच दिवशी संपवा; ओला दाणा लवकर आंबतो. कुसळं नीट पाखडलेली आहेत का ते पाहा, लहान मुलांच्या घशात ती अडकतात. एका बैठकीला दोन वाट्यांच्या वर खाऊ नका.

तब्येत

पाण्याचं माप ग्लासांत मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहा: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवून ठेवावं लागतं. साठवलेल्या पाण्यावर घट्ट झाकण ठेवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवून निववा.

आंघोळीचं पाणी कढत नको, कोमट हवं. अंग पुसल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच तीळतेल किंवा खोबरेल लावा, म्हणजे ओलावा आत राहतो. टाचांना रात्री धुऊन तेल लावून मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी हेही ध्यानात घ्यावं की ज्वारीच्या भाकरीनेही साखर वाढते. भाकऱ्या मोजूनच खायच्या, आणि तिळगुळाच्या वड्याही.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारं-खिडक्या लावून कधीही झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतच जीव जातो. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू; हवा खेळायला झरोका उघडा हवाच.

सर्दी-घसा धरला तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. एक इंच आलं, चार मिरे, पाच-सहा तुळशीची पानं दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळून एक कप उरवा आणि त्यात गूळ घाला. घशाला आराम पडतो. दिवसातून दोनदा पुरे, जास्त घेतला तर जळजळ होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंपासून गंभीर आजार होऊ शकतो. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही; आदल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. ताप तीन दिवसांपुढे गेला, दम लागला, छातीत दुखलं किंवा बाळ दूध पिईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचं ऊन चटका द्यायला लागतं. तेव्हा बाजरीचं दळण बंद करून ज्वारीवर या, चटणीची बरणी फ्रिजमध्ये हलवा आणि माडग्याच्या जागी पातळ ताक घ्या. नवी ज्वारी बाजारात यायला तिथून दोन-चार आठवडेच उरलेले असतात. वर्षाची ज्वारी तेव्हा भरा, भरण्याआधी दोन-तीन दिवस कडक ऊन द्या आणि निवल्यावरच कणगीत किंवा पिंपात टाका.